टाकी आपली, जबाबदारीही आपलीच

घराचा कानाकोपरा लखलखीत ठेवणाऱ्या आपण संडासाच्या टाकीकडे मात्र ती तुंबेपर्यंत ढुंकूनही बघत नाही. पण त्या टाकीत आपण आज काय जाऊ देतो, यावर उद्या तिच्यात एखाद्या माणसाला उतरवायची वेळ येणार की नाही, हे ठरत असतं.

"अहो, आमची सेफ्टी टँक भरलीय, गाडीवाल्याचा नंबर आहे का कुणाकडे?" हा प्रश्न नेमका कधी ऐकू येतो? गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी, नाहीतर घरात लग्नाचे पाहुणे उतरलेले असताना! एरवी चार माणसं वापरतात तो संडास अचानक चौदा माणसं वापरायला लागतात, पाणी वर चढतं आणि मग यजमानीण हवालदिल होते.

गंमत बघा, सेप्टिक टँकला आपल्याकडे सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. गवंडी म्हणतो, प्लंबर म्हणतो, आपणही म्हणतो. मूळ शब्द आहे सेप्टिक, म्हणजे कुजवणारी. इंग्लंडमधल्या एक्झिटर शहराचे सर्व्हेयर डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास अशी टाकी बांधली आणि हे नाव रूढ केलं. आपल्या तोंडी त्याचं 'सेफ्टी' झालं. त्याबरोबर एक समजही पक्का झाला, की एकदा वर झाकण बसलं, फरशी टाकली, की सगळं सेफ. आता जन्मभर बघायला नको!

खरं तर पिंपातल्या धान्याला जसं ऊन दाखवावं लागतं, लोणच्याची बरणी जशी मधूनमधून हलवून बघावी लागते, तशी या टाकीचीही देखभाल लागते. फार नाही, अगदी थोडी. पण ती वेळेवर व्हायला हवी. आणि घरात काय सांडतं, काय धुतलं जातं, काय फ्लश होतं, हे बहुतेक घरांत आपल्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक असतं. म्हणून हा विषय बायकांच्या पानावर.

आत चालतं तरी काय?

विरजण लावलेलं दूध डोळ्यांसमोर आणा. दह्याचे जंतू गाजावाजा न करता आपलं काम करत असतात. टाकीतही तसंच. संडासातून आलेला मैला आत स्थिरावतो. जड भाग तळाशी बसतो, त्याचा गाळ होतो. तेलकट, हलका भाग वर तरंगतो, त्याची साय धरते. मधे राहतं ते त्यातल्या त्यात निवळ पाणी. हवेशिवाय जगणारे जंतू तळातला गाळ कुजवून कमी करत राहतात आणि मधलं पाणी दुसऱ्या बाजूच्या पाईपातून शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत जिरतं.

कुजताना आत वायू तयार होतात. ते निघून जावेत म्हणून टाकीवर उंच पाईप असतो. आपण त्याला हवेचा किंवा गॅसचा पाईप म्हणतो. त्याच्या तोंडाला बारीक जाळी हवी, म्हणजे डास आत शिरून अंडी घालणार नाहीत. बऱ्याच घरांत ती जाळी केव्हाच गंजून पडलेली असते. दहा मिनिटांचं काम आहे, पण डासांचा निम्मा त्रास तिथंच थांबतो.

जंतू कितीही कामसू असले तरी सगळाच गाळ ते संपवू शकत नाहीत. थोडा थोडा साठत जातोच. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी टाकी उपसून घ्यावी असं शास्त्र सांगतं. भारतीय मानकानुसार पाच माणसांच्या घराला साधारण दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत एक मीटर पाणी राहील एवढी टाकी पुरते. म्हणजे अंदाजे पाच फूट बाय अडीच फूट. आपल्याकडे मात्र "एकदाच मोठी बांधून टाका, परत कटकट नको" म्हणून दहा बाय आठच्या टाक्या बांधल्या जातात. त्या पंधरा-वीस वर्षं उपसल्याच जात नाहीत. तेवढ्या वर्षांत तळाचा गाळ दाबून दाबून घट्ट होतो. मग गाडीच्या पाईपाला तो ओढला जात नाही. आणि मग कुणीतरी म्हणतं, "माणूस उतरवावा लागेल."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचंच आहे.

टाकी म्हणजे कचऱ्याचा डबा नव्हे

टाकीत फक्त तीनच गोष्टी जायला हव्यात: मल, मूत्र आणि पाणी. बाकी सगळं पाहुणं, तेही न बोलावलेलं!

सगळ्यात मोठा त्रास होतो सॅनिटरी पॅडचा. लाजेपोटी, घाईत, घरात पुरुषमंडळी आहेत म्हणून पॅड संडासात टाकून पाणी ओतणाऱ्या मुली-बायका आजही आहेत. पॅड कुजत नाही, पाणी पिऊन फुगतो आणि पाईपाच्या वळणावर अडकून बसतो. बाळाचे डायपर, ओले पुसणे, विंचरलेल्या केसांचे गुंतवळ, फाटकी फडकी, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूची पाकिटं, औषधांच्या पट्ट्या, यांचीही तीच गत. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून वेगळ्या डब्यात टाकायचं आणि घंटागाडीला वेगळं द्यायचं, एवढी सवय घरातल्या लेकीसुनांना लावा. संडासात झाकणाचा एक छोटा डबा ठेवला, तर कुणाला काही सांगावंही लागत नाही.

दुसरा मुद्दा ॲसिडचा. भांडं पांढरंशुभ्र दिसावं म्हणून आपण रोज ॲसिड ओततो, वर फिनेल, वर ब्लीचिंग पावडर. यामुळे टाकीतले कामकरी जंतूच मरतात. गाळ कुजायचा थांबतो आणि टाकी लवकर भरते. रोजच्याला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. कडक औषध लागलंच तर क्वचित आणि अगदी थोडं. आणि एक गोष्ट कधीही करू नका: ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र टाकू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद संडासात तो छातीत गेला, तर जिवावर बेतू शकतं.

तिसरा मुद्दा पाण्याचा. बऱ्याच घरांत टाकीला फक्त संडास जोडलेला असतो, मोरीचं नि स्वयंपाकघराचं पाणी वेगळं जातं. ते तसंच राहू द्या. गच्चीवरचं पावसाचं पाणी, कपड्याच्या मशीनचं पाणी टाकीत सोडू नका. पाणी जास्त झालं की गाळाला स्थिरावायला वेळ मिळत नाही, तो ढवळून निघतो आणि पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जाऊन जमिनीची भोकंच बुजवून टाकतो. फ्लशची टाकी बारीक गळत असेल तर तीही दुरुस्त करून घ्या. रात्रंदिवस वाहणारी ती बारीक धारही हेच नुकसान करते.

ज्यांच्याकडे स्वयंपाकघराचं पाणीही टाकीलाच जोडलंय, त्यांनी सिंकला जाळी लावावी. खरकटं आणि चहाचा चोथा झाडांना घालावा. दिवाळीच्या फराळाची कढई घासण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्यावी. तेलाची साय वर जमली की पाईपाचं तोंड बंद होतं.

आणि हो, टाकीत गूळ टाका, यीस्ट टाका, अमुक पावडरीची पुडी टाका म्हणजे उपसायला नको, असं सांगणारे भेटतातच. चालू टाकीला असलं काही लागत नाही. लागणारे जंतू मैल्याबरोबर रोज आत येतच असतात. कुठलीही पुडी उपशाला पर्याय नाही.

टाकी आधी सांगते

एके दिवशी अचानक तुंबली, असं आपण म्हणतो. पण टाकी आधीपासून सांगत असते. पाणी ओतल्यावर भांडं हळूहळू रिकामं होतं. बुडबुड आवाज येतो. संध्याकाळी मोरीतून वास यायला लागतो. शोषखड्ड्यावरची जमीन उन्हाळ्यातही ओलसर असते आणि तिथलंच गवत हिरवंगार दिसतं. झाकणाच्या कडेनं पाणी पाझरतं. यातलं एक जरी दिसलं, तरी सणाची वाट बघू नका.

त्याहून सोपं म्हणजे तारीख लिहून ठेवा. दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आपण कॅलेंडरवर लिहितोच ना? तशी टाकी उपसल्याची तारीख लिहा. दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवून घ्या. आणि टाकीचं झाकण कुठं आहे, दोन कप्पे आहेत की एक, शोषखड्डा कुठल्या बाजूला, याचा साधा नकाशा घराच्या कागदपत्रांत ठेवा. कित्येक घरांत झाकणावरच फरशी बसवलेली असते, कुठं वर तुळशीवृंदावन बांधलेलं असतं, कुठं जिना. बांधणारे गवंडी राहत नाहीत, सासरे जातात आणि मग टाकी नेमकी कुठंय हेच कुणाला सांगता येत नाही! घर बांधत असाल किंवा फरशी बदलत असाल, तर झाकण उघडता येईल असंच ठेवा. पण ते भक्कम हवं. तडा गेलेल्या झाकणावरून खेळताना लहान मूल आत पडण्याचा धोका असतो.

विहिरीचं पाणी सांभाळा

टाकीतून बाहेर येणारं पाणी डोळ्यांना निवळ दिसलं, तरी ते स्वच्छ नसतं. त्यात रोगजंतू असतातच. कावीळ, टायफॉइड, कॉलरा, हगवण हे सगळे याच वाटेनं येतात. म्हणून हे पाणी उघड्या गटारात सोडू नये, ते शोषखड्ड्यातच जिरायला हवं. मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १८ मीटर, म्हणजे साधारण साठ फूट लांब असावा.

जमिनीचा पोतही बघावा लागतो. कोकणातल्या जांभ्या दगडात फटी असतात. त्यातून पाणी भराभर पुढं सरकतं आणि वाटेत हवं तसं गाळलं जात नाही. तिथं विहीर आणि शोषखड्डा यांच्यात जितकं अंतर ठेवता येईल तितकं बरं. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीत उलटं होतं. पाणी जिरतच नाही, पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात तडकते. तिथं शोषखड्डा मोठा आणि दगड-विटांच्या तुकड्यांनी भरलेला लागतो. ज्यांचं आवार लहान आणि विहीर जवळ, त्यांनी पिण्याचं पाणी उकळूनच प्यावं. आपल्या शोषखड्ड्यापासून शेजारणीची विहीर किती लांब आहे, तेही एकदा बघावं.

माणूस उतरवायचा नाही

आता त्या वाक्याकडे येऊ. "माणूस उतरवावा लागेल."

वर्तमानपत्रात आपण अशा बातम्या वाचतो. टाकी साफ करायला एक जण उतरला, तो बाहेर येईना म्हणून दुसरा उतरला, त्याला काढायला तिसरा. तिघंही गेले. हे असं का होतं? गाळ ढवळला की त्यात कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम बाहेर येतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण वायू जास्त झाला की नाकाची वास घेण्याची ताकदच जाते. माणसाला वाटतं, वास गेला, आता हरकत नाही. आणि तेवढ्यात तो कोसळतो. शिवाय आत मिथेन असतो आणि प्राणवायू फार कमी. मिथेन पेट घेतो. म्हणून गॅस आहे का बघायला पेटता कागद आत टाकणं, झाकणाजवळ काडी ओढणं, विडी पिणं हे सगळं अतिशय धोक्याचं. तोंडाला रुमाल बांधून या वायूंपासून कसलंही रक्षण होत नाही. झाकण आदल्या दिवशी उघडून ठेवलं होतं, म्हणून आत सुरक्षित आहे असंही नाही.

हे काम पिढ्यान् पिढ्या ठरावीक जातींच्या माणसांवर लादलं गेलं. त्याविरुद्ध आधी १९९३ साली कायदा झाला. त्यानंतर २०१३ चा अधिक व्यापक कायदा ६ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला लावणं हा या कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि हा कायदा फक्त नगरपालिकेला किंवा ठेकेदाराला नाही. 'कोणतीही व्यक्ती' असं त्यात म्हटलंय. म्हणजे घरमालकही आला आणि घरमालकीणही.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली अशा प्रत्येक मृत्यूमागे कुटुंबाला १० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. पण तीस लाख मिळाले म्हणून त्या घरातलं रिकामं झालेलं पान भरतं का?

पुष्कळदा ठेकेदार सांगतो, "काकू, गाडीला जास्त पडतील, आमचा पोरगा उतरून थोडक्यात करून देईल." तो पोरगाही म्हणतो, "सवय आहे आम्हाला." अशा वेळी नाही म्हणायचं. विषारी वायूची सवय कुणालाच होत नाही. गल्ली अरुंद असेल तर लहान गाडी किंवा लांब पाईप मागवा. गाळ घट्ट झाला असेल तर वरूनच जोरात पाणी मारून, लांब बांबूनं ढवळून, थोडा वेळ भिजू देऊन पुन्हा ओढायला सांगा. एका खेपेत नाही झालं तर दोन खेपा करा. पैसे जास्त लागतील, लागू देत.

आणि समजा डोळ्यांदेखत कुणी आत पडलंच, तर मागोमाग कुणालाही उतरू देऊ नका. आरडाओरडा करून माणसं गोळा करा, १०१ किंवा ११२ ला फोन करा. वरून दोर सोडता येत असेल तर सोडा. आपला माणूस आत तडफडतोय आणि आपण काठावर उभं राहायचं, हे फार कठीण आहे. पण या अपघातांत दुसरा आणि तिसरा जीव असाच जातो.

गाडी येते त्या दिवशी

उपशाला उन्हाळा चांगला. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. त्या दिवसांत रिकामी केलेली प्लॅस्टिकची तयार टाकी खालच्या पाण्याच्या दाबानं वर उचलली जाऊ शकते. नगरपालिकेची गाडी असेल तर तिच्याकडेच नोंद करा, पावती घ्या. खासगी गाडी बोलवाल तेव्हा मैला कुठं ओतणार, हे विचारायला संकोच करू नका. आपल्या अंगणातून उचललेली घाण गावाबाहेरच्या ओढ्यात पडली, तर ती फिरून आपल्याच हंड्यात येणार!

कामगारांना हातमोजे, गमबूट आहेत ना, ते बघा. दोन्ही कप्पे उपसून घ्या. आतले पाईप, हवेच्या पाईपाची जाळी तपासायला सांगा. टाकी घासूनपुसून, फिनेल मारून लख्ख करायची नसते. तळाला थोडा गाळ राहू द्यायचा, तेच पुढचं विरजण. मग टाकीत पाणी भरून झाकण घट्ट बसवायचं. मुलांना या वेळात लांब ठेवा. आणि काम संपल्यावर त्या माणसांना हात धुवायला साबण-पाणी आणि आपल्या नेहमीच्या कपात चहा द्या.

आपल्याच राज्यात साताऱ्यातल्या वाईनं आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं याबाबत चांगला पायंडा पाडला आहे. तिथल्या नगरपालिकांनी टाकी तुंबल्याचा फोन येईपर्यंत थांबायचं नाही, असं ठरवलं. पाळीपाळीनं, दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी यंत्रानं उपसायची आणि तो मैला शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. वेळेवर उपसलेला गाळ पातळ असतो, पाईपानं सहज निघतो, माणूस उतरवायचा प्रश्नच येत नाही. आपल्या गावात हे का नाही, असं आपण बचत गटातर्फे, महिला मंडळातर्फे नगरसेविकेला विचारू शकतो. पाण्यासाठी हंडा मोर्चे काढणाऱ्या बायकांना हे अवघड नाही.

तोवर घरापुरतं एवढं करा:

- संडासात मल, मूत्र, पाणी यांखेरीज काही टाकू नये, हे घरात सगळ्यांना सांगा. पाहुण्यांनाही.
- संडासात झाकणाचा छोटा डबा ठेवा.
- ॲसिड, ब्लीचिंग कमीत कमी, आणि एकत्र तर कधीच नाही.
- हवेच्या पाईपाला जाळी, टाकीला भक्कम आणि उघडता येणारं झाकण.
- दर दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, यंत्रानं उपसा. तारीख कॅलेंडरवर.
- कुणी कितीही स्वस्तात म्हणालं तरी माणूस आत उतरवायचा नाही.

मैत्रिणींनो, डोळ्यांआड असलेल्या गोष्टी मनाआड होतातच. पण आज घरी असाल तर एवढं तरी बघून घ्या, की आपल्या टाकीचं झाकण नेमकं कुठं आहे आणि ती शेवटची कधी उपसली होती. घरात कुणालाच आठवत नसेल, तर समजा वेळ झालीय. लगेच गाडीवाल्याला फोन करा, सण यायच्या आधी.